जुना जुनो की नवा मिनिलॉग? कोल्हापुरात राहून घेणाऱ्यासाठी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एक भजनी मंडळात पेटी वाजवत मोठा झालेला, दोघं ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. "दादा, पुण्यात एक जुनो-106 विकायला आलाय. घेऊ का? की तेवढ्या पैशात नवा मिनिलॉग बघू?" दोन्ही सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी कीबोर्डची वाद्यं: जुनो रोलंड कंपनीचा, मिनिलॉग कोर्गचा. फोनवर दोन वाक्यांत सांगून हे भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी स्वतः बारा वर्षं जुनो-60 वाजवला. मुंबईच्या एका स्टुडिओवाल्या वादकानं डिजिटल घेतल्यावर तो विकायला काढला होता, तो मी एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन कोल्हापूरला आणला. आता माझ्याकडं कोर्गचा मिनिलॉग आहे. दोन्हींवर कार्यक्रम केलेत, दोन्हींवर घर चाललंय.

रोलंडचा जुनो-60 आला 1982 साली, जुनो-106 आला 1984 साली. दोन्ही सहा आवाजांचे, म्हणजे एका वेळी सहा स्वर. मिनिलॉग 2016 चा आणि चार आवाजांचा. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण डाव्या हातात तीन स्वरांचा कॉर्ड धरून उजव्या हातानं भावगीताची ओळ वाजवायला घेतलीत की मिनिलॉगवर चौथ्या स्वरानंतर मागचा स्वर तुटतो. पॅड, म्हणजे मागं लांब धरून ठेवलेले कॉर्ड, भरून वाजवायचे असतील तर जुनोला तोड नाही. त्यात त्याचा कोरस. जुनोत एका आवाजाला एकच ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा भाग) आहे, तसा तो सडपातळ आवाज, पण कोरसचं बटण दाबलं की तोच आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये असा पसरतो की समोरच्या माणसाला वाटावं मागं व्हायोलिनचा ताफा बसलाय. सोबत थोडी सूंऽऽ अशी खरखर येते, ती आली की समजायचं कोरस चालू आहे. मिनिलॉगमध्ये एका आवाजाला दोन ऑसिलेटर, त्यामुळं बेस आणि लीड (पुढं वाजणारी एकेरी धून) जास्त दणकट. पण कोरस नाही, फक्त डिले (प्रतिध्वनी), आणि बाहेर येणारा आवाज मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच. माझं मत सरळ आहे: पॅडसाठी जुनो, लीडसाठी मिनिलॉग.

मींडेचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या गाण्यात तिच्यावाचून चालत नाही. जुनो-60 मध्ये पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय, नाही, 106 मध्ये आहे. 60 वर मी बेंडरच्या (स्वर वर-खाली ओढणाऱ्या) दांडीनं काम भागवायचो, ते हाताला बसायला दोन वर्षं लागली. मिनिलॉगमध्ये पोर्टामेंटो आहे, पण पट्ट्या 37 आणि त्याही अरुंद. पेटीवर बोटं तयार झालेल्या माणसाला पहिला महिना फार चुकल्यासारखं होतं. हे दुकानात पाच मिनिटं वाजवून कळत नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. जुनं म्हणजे सुरातून उतरणारं, असं सगळे धरून चालतात. मूग कंपनीच्या मिनिमूगसारख्या वाद्यांबद्दल ते खरं आहे: 1970 पासून निघालेल्या त्या वाद्यात व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर आहेत, ते तापमानाबरोबर सरकतात. पण जुनोतला ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर बांधलेला आहे, तो काळी पाचला लावला की कार्यक्रम संपेपर्यंत काळी पाचलाच. उलट नव्या मिनिलॉगमध्ये जुन्या पद्धतीचे व्होल्टेजवाले ऑसिलेटर आहेत. त्याला स्वतः ट्यूनिंग करून घ्यायची सोय आहे, पण शिवाजी पेठेतल्या मांडवात हॅलोजनखाली तापला की मध्यंतरात मी ते पुन्हा करून घेतोच.

मग जुनोचं दुखणं कुठं? वयात. 106 मध्ये सहा आवाजांसाठी सहा काळ्या चिप आहेत, प्रत्येकीत एका आवाजाचा फिल्टर (आवाजाचा रंग घडवणारा भाग) आणि आवाज कमी-जास्त करणारा भाग. त्यांच्यावर राळेसारखा लेप चढवलेला आहे. चाळीस वर्षांत तो लेप खराब होतो, मग त्या आवाजाला तडतड येते किंवा तो मरतोच. ही त्या मॉडेलची जगभर माहीत असलेली अडचण आहे. उपाय असा की चिप काढून अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायची, लेप मऊ पडला की हळूच सोलून काढायचा आणि परत बसवायची. नाहीतर बाहेर बनलेल्या नव्या बदली चिप मागवायच्या. काम नाजूक आहे, पण अशक्य नाही. सोल्डरचा हात स्थिर असलेला माणूस लागतो.

कोल्हापुरात असा माणूस सापडतो, आणि हा मुद्दा मला आवाजाइतकाच मोठा वाटतो. लक्ष्मीपुरीत अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी माझ्या 60 चा पॉवर सप्लाय दोनदा नवा करून दिला. त्यांनी तोवर सिंथेसायझर उघडलेला नव्हता. सर्किटचा नकाशा समोर ठेवला, सुटे भाग डोळ्यांनी दिसत होते, एकेक कपॅसिटर मोजून बदलला. मिनिलॉगच्या आत बारीक बारीक भाग बोर्डावर चिकटवलेले असतात, तिथं हेच मिस्त्री म्हणाले, "ह्यात माझी सुई बसत नाही, बोर्डच बदलाय लागंल."

विजेचं मात्र विसरू नका. जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं वाद्य 100 व्होल्टचं असतं, आपल्याकडं 230. माझ्या एका मित्राचं वाद्य गणपतीत मांडवाच्या वायरमननं सरळ बोर्डात खुपसलं. जळका वास आला तेव्हा आरती चालू होती. तेव्हापासून मी उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या पेटीत घालून वाद्याला कायमचा बांधून ठेवायचो. आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा स्लायडरना सोसत नाही. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवायचा, सगळे स्लायडर वर-खाली करायचे.

ज्यांच्याकडं ही वाद्यं होती त्यांच्या आठवणी ऐकून पोरं खुळी होतात, ते मला समजतं. आपल्या देशात ही यंत्रं फार थोड्या हातांत आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 सालीच मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवलेला होता. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रोलंडचा ज्युपिटर-8, 303 (बेसचं यंत्र) आणि 808 (तालाचं यंत्र) जोडून राग वाजवले. आमच्याकडं पोचली ती दुसऱ्या-तिसऱ्या हातातून, एका ऑर्केस्ट्राला एक अशी. म्हणून ज्याच्याकडं जे होतं ते त्यानं तळापर्यंत वाजवलं. शाहूपुरीतल्या एका काकांकडं 1978 च्या मॉडेलचा कोर्ग एमएस-20 होता. त्यात आवाज साठवायची सोय नाही. काकांनी शंभरपानी वहीत एका पानावर एक आवाज असं लिहून ठेवलं: प्रत्येक नॉबसाठी एक गोल, त्यात घड्याळाच्या काट्यासारखी रेघ, खाली वायर कुठून कुठं. "सनई, थोडी नाकातली", "पावसाचा, कडकडाट वगळून" अशी नावं. वाद्य त्यांनी कधीच विकलं, वही आहे. गेल्या वर्षी त्याच सर्किटवर बनलेला, 2013 पासून मिळणारा छोटा एमएस-20 मिनी त्यांच्यापुढं ठेवला आणि वहीतून सनई लावली. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "आवाज तोच आहे. बोटाला नॉब बारीक लागतोय," म्हणाले, आणि फिल्टर केसभर मागं घेतला. तेव्हा सनई बरोबर बसली.

लॅपटॉपचं थोडक्यात: जुनोची सॉफ्टवेअर नक्कल आता इतकी चांगली आहे की रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतः ओळखीन याची खात्री देत नाही. घरी गाणी करत असाल तर तिथून सुरुवात करा, खर्च सगळ्यात कमी.

तर, महिन्याला पाच-सहा कार्यक्रम असतील, गाडीच्या डिकीतून सामान न्यायचं असेल, तर मिनिलॉग. पावणेतीन किलोच्या आसपास वजन, 200 आवाजांची साठवण, आणि जुन्या जुनोच्या पैशात तो येऊन वर एक बरा स्पीकरही येतो. वाद्य घरातून हलणार नसेल, पॅड हेच तुमचं काम असेल आणि मिस्त्रीचा नंबर फोनमध्ये असेल, तर जुनो घ्या, आणि 60 व 106 दोन्ही समोर असतील तर माझा कौल 60 ला. मिडी (दुसऱ्या वाद्याला किंवा कॉम्प्युटरला जोडायची सोय) नाही, पोर्टामेंटो नाही, तरीही. 106 च्या त्या चिप त्यात नाहीत.

पुण्याला 106 बघायला जाणारच असाल तर हे करा. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून वाद्य सुरू करा, म्हणजे ते तपासणीच्या मोडमध्ये जातं. मग एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबा. डिस्प्लेवर कोणता आवाज वाजतोय त्याचा आकडा दिसतो, 1 ते 6. कोरस बंद ठेवा, हेडफोन लावा, आणि सहाही आवाज एकसारखे येतात का ते ऐका. मालकाला सांगून अर्धा तास वाद्य तापू द्या आणि परत हेच करा. तडतड बहुतेक वेळा त्या दुसऱ्या फेरीत निघते.