व्हर्च्युअल मशीनसाठी लॅपटॉपला रॅम किती? १६ जीबीवर चार महिने, ३२ जीबीवर चार महिने

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक. त्यासाठी लॅपटॉप निवडताना सगळ्यांची चर्चा प्रोसेसरवर होते. आठ महिन्यांच्या वापरात प्रोसेसर क्वचितच अडला. दर वेळी आधी संपली ती रॅम. सुरुवातीला ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, नंतर १६च्या दोन बसवल्या.

हिशेब होस्टपासून, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ लॅपटॉपपासून सुरू करा. विंडोज ११ आणि ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडे असले की साधारण ६ जीबी गेलेच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याचाही थोडा वाटा रॅममधूनच कापला जातो. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' या नावाखाली तो दिसतो. म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएमसाठी हातात उरतात जेमतेम ९.

व्हीएम किती बनवली आहेत याला महत्त्व नाही, एका वेळी किती चालू राहणार ते मोजा. बंद व्हीएम फक्त डिस्क अडवतं. डेस्कटॉप नसलेल्या उबंटू सर्व्हरला १ ते २ जीबी पुरतात, उबंटू डेस्कटॉपला ४ द्या. काली (सुरक्षा चाचणीसाठीचं लिनक्स) २ वर चालतं, पण आत ब्राउझर आणि बर्प स्वीट (वेबसाइटची सुरक्षा तपासायचं साधन) एकदम उघडलं की ४ लागतात. विंडोज ११ साठी ४ जीबी ही मायक्रोसॉफ्टची किमान अट आहे; तेवढ्यावर ते सुरू होतं, पण मागे अपडेट चालू असेल तर काम करवत नाही. ६ द्या.

आता नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला तीन लिनक्स सर्व्हर लागले तर १६ जीबी भरपूर झाले. पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (संस्थेतले यूजर आणि संगणक एका जागेहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) लॅब घ्या: विंडोज सर्व्हर ४, विंडोज क्लायंट अगदी किमान ४, काली ४, होस्ट ६. बेरीज १८. इथे १६ जीबी हरतं, आणि सायबर सिक्युरिटी शिकणाऱ्याला ही लॅब टळत नाही. त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्यांनी सरळ ३२ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ८ जीबीवर एक लहान लिनक्स व्हीएम चालेल, त्यापुढे नाही.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रॅमचा स्लाइडर लाल पट्ट्यात नेला की होस्टचा श्वास कोंडतो. होस्ट पेजफाइलवर (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) जातो, गेस्ट, म्हणजे व्हीएममधली सिस्टीम, स्वतःच्या तशाच जागेवर, स्वॅपवर जातो, आणि एकाच एसएसडीवर दोघांची झुंबड उडते, माउससुद्धा अडखळतो. अशा वेळी व्हीएमची रॅम आणखी वाढवण्याची चूक बरेच जण करतात. आधी लिनक्स गेस्टमध्ये 'फ्री' कमांड देऊन 'अव्हेलेबल'चा आकडा पाहा. तिथे भरपूर शिल्लक असेल आणि होस्ट ९० टक्क्यांच्या वर असेल, तर व्हीएमची रॅम कमी करायची असते.

डॉकर (अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन) विंडोजवर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. ते सहसा डब्ल्यूएसएल २ वर, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीवर चालतं. डब्ल्यूएसएल २ ला मर्यादा घातली नाही तर ते होस्टची निम्मी रॅम घेऊ शकतं. यूजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये ४ जीबीची मर्यादा लिहा आणि डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा सुरू करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर मंदपणाचं कारण रॅम नाही. हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हीएम यंत्रणा, चालू आहे.

रॅम पुढे वाढवायची असेल तर स्लॉट आहे का, हे घेण्याआधीच तपासा. एलपीडीडीआर (कमी वीज घेणारी रॅम) लिहिलेलं असेल तर ती बहुतेक वेळा बोर्डवर सोल्डर केलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. बदलताना चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा, स्टिक तिरकी सरकवून दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागेपर्यंत खाली दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, घाबरून पॉवर बटण दाबू नका. मग मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या. सदोष स्टिक असेल तर व्हीएमच्या डिस्क फाइल्स गुपचूप बिघडतात आणि दोष गेस्टच्या माथी येतो.

रॅम वाढली की डिस्कही लागते. 'सेव्ह स्टेट' केल्यावर गेस्टच्या रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) त्यात वेगळे. ३२ जीबीसोबत ५१२ जीबीची एसएसडी लवकर भरते. १ टीबी घ्या.