कॅट ६ केबल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या दुमजली घरात वाय-फाय वरच्या खोलीपर्यंत नीट पोहोचत नसल्यामुळे गेल्या पावसाळ्याआधी राऊटरपासून तिथपर्यंत शुद्ध तांब्याची, २३ गेज जाडीच्या तारांची कॅट ६ केबल (नेटवर्कसाठी वापरली जाणारी केबल) टाकून घेतली. तेव्हापासून ती रोज वापरात आहे आणि कामाला चोख आहे. मात्र हा चोखपणा कशावर टिकून आहे, हे सांगितल्याशिवाय नुसती शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

केबलचे आवरण सोलले की पीळ दिलेल्या चार जोड्या दिसतात : नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीतील दोन तारांवर समान पण परस्परविरुद्ध विद्युतदाबाचा संदेश जातो आणि पलीकडचे उपकरण केवळ त्या दोहोंतील फरक मोजते. बाहेरून येणारा विद्युत-चुंबकीय अडथळा पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, म्हणून तो वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी १८८१ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते, आणि तेच तत्त्व आज गिगाबिट (१००० एमबीपीएस वेगाच्या) नेटवर्कला पुरते, ही मला खरोखर थक्क करणारी गोष्ट वाटते. चारही जोड्यांचा पीळ मात्र कमी-अधिक घट्ट असतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कारण पीळ सारखाच असता तर एका जोडीचा संदेश शेजारच्या जोडीत अधिक झिरपला असता.

सुरुवातीला वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नव्हता. केबल तपासायच्या टेस्टरवर आठ तारांचे १ ते ८ दिवे ओळीने लागत होते, त्यामुळे केबल बसवणाऱ्या तंत्रज्ञाचे म्हणणे होते की दोष केबलचाच आहे. केबलच्या टोकाचा कनेक्टर पारदर्शक असल्याने नीट निरखून पाहता आले, तेव्हा खरे कारण दिसले : दोन्ही टोकांना जोड्या शेजारी-शेजारी, म्हणजे कनेक्टरच्या १-२, ३-४, ५-६, ७-८ या जागांवर बसवल्या होत्या. इथरनेटला (केबलने नेटवर्क जोडण्याच्या पद्धतीला) मात्र ३ आणि ६ ही एक जोडी लागते, तर ४ आणि ५ ही दुसरी. साधा टेस्टर तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. टी५६८बी या तारांच्या प्रमाणित क्रमाने पुन्हा क्रिम्पिंग (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवणे) करून घेतले आणि कनेक्टरजवळ पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही, तेव्हा लगेच १ गिगाबिटची लिंक मिळाली. पाण्याच्या मोटारीची वायर त्याच भिंतीतून काही अंतर राखून जाते, तरी मोटार चालू असताना व्हिडिओ कॉल कधी अडखळलेला नाही.

एक गैरसोय आहे : ही केबल ताठ असल्यामुळे अरुंद कोपऱ्यात वळवताना त्रास होतो, आणि तिथे जोर लावून चालत नाही. खरेदी करताना टोकाची तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरट धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे असे समजावे. त्याचा रोध जास्त असतो आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ते घेऊ नये.