किंडलमधला शब्दकोश आणि ‘किंडल’ हे क्रियापद

ई-वाचनयंत्रांची परीक्षणे बहुधा पडदा, बॅटरी आणि किंमत यांभोवतीच फिरतात. हे परीक्षण किंडलच्या एकाच सोयीचे, म्हणजे त्यात मिळणाऱ्या ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे आहे. कारण नागपुरात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना या यंत्राचा खरा उपयोग तिथेच आहे, असे माझे मत आहे. कसोटीसाठी यंत्राच्या नावाचाच शब्द घेतला. हे नाव अमेरिकी अभिकल्पकार मायकेल क्रोनन यांनी सुचवले आणि 19 नोव्हेंबर 2007 रोजी यंत्र बाजारात आले.

वाचता वाचता शब्दावर बोट दाबून धरले की अर्थाची चौकट उघडते. ‘किंडल’ म्हणजे आग पेटवणे आणि त्यावरून भावना जागवणे, हे दोन अर्थ चटकन मिळतात. त्याखालची व्युत्पत्तीची ओळ मला अर्थापेक्षा मोलाची वाटते. हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीतला असून प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतील ‘क्युन्दा’ या क्रियापदावरून आला आणि त्यावर ‘किंदिल’, म्हणजे मशाल किंवा मेणबत्ती, या नॉर्स शब्दाचा प्रभाव पडला. ही भाषा बोलणारे व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतून ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, इतकेच काय ‘दे’ हे सर्वनामही इंग्रजीत शिरले, ही पार्श्वभूमी ज्याला ठाऊक आहे त्याला ती एक ओळ पुरते. ज्याला ती ठाऊक नाही, तो मात्र ‘प्राचीन नॉर्स’ या दोन शब्दांपाशीच अडतो. शिवाय ‘किंदिल’ वाचून मराठी वाचकाला आपला कंदील आठवणारच. कंदील आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘कान्देला’पर्यंत जाते आणि इंग्रजी ‘कँडल’ही त्याच मुळाचा आहे, पण इतक्या लांबचा प्रवास दाखवायला हाती धरायच्या यंत्रातील संक्षिप्त कोशात जागा नसते.

ही मर्यादा सर्वांत जास्त जाणवते ती याच वर्तनीच्या दुसऱ्या क्रियापदाबाबत. सशाच्या मादीने पिल्ले घालणे यालाही इंग्रजीत ‘किंडल’ म्हणतात आणि ससे पाळणारे लोक तो शब्द आजही वापरतात. त्याचा आगीशी संबंध नाही. तो ‘काइंड’ या शब्दाच्या, म्हणजे जन्म, जात, कूळ या अर्थाच्या घराण्यातला आहे. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकात नायिका रोझलिंड आपण इथल्याच आहोत हे सांगताना जन्मस्थळी राहणाऱ्या सशाचा दाखला देते, तेव्हा हेच दुसरे क्रियापद येते. तिथे पेटवण्याचा अर्थ लावला की वाक्याचा पार विचका होतो. अशा ठिकाणी कोणत्या शतकात कोणत्या लेखकाने शब्द कसा वापरला याची अवतरणे देणारा मोठा ऐतिहासिक कोशच उघडावा लागतो, आणि तो या यंत्रात नाही.

अर्थच्छटेच्या बाबतीतही कोश थोडा हात आखडता घेतो. ‘इग्नाइट’ हा लॅटिन ‘इग्निस’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊ, त्यात ठिणगी पडताच भडका उडण्याचा भाव आहे. ‘किंडल’मध्ये हळूहळू धग धरण्याचा भाव आहे, म्हणूनच आग धरवायला लावलेल्या बारीक काटक्यांना ‘किंडलिंग’ म्हणतात. विदर्भातल्या चुलीपुढे हेच काम तुराट्या आणि पऱ्हाट्या करतात. हा फरक विद्यार्थ्याला कोशातील दोन नोंदी शेजारी ठेवून स्वतःच ताडावा लागतो.

शब्दसंग्रहाची सोय मात्र निर्विवाद चांगली आहे. पाहिलेला प्रत्येक शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह साठवला जातो आणि नंतर उजळणी करता येते, त्यामुळे शिक्षकाला वर्गासाठी आयती यादी मिळते. पडद्यावर विद्युतभारित काळे-पांढरे कण सरकून अक्षरे उमटतात, म्हणून डिसेंबरच्या उन्हात अंबाझरी बागेत बसूनही ती कागदावरल्यासारखी स्पष्ट दिसतात. मराठी पुस्तकेही डिसेंबर 2016 पासून किंडलवर मिळू लागली, तेव्हा यंत्र केवळ इंग्रजीपुरते राहत नाही.

खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. निर्मात्याने यंत्र वापरण्यासाठी 35 अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सांगितले आहे आणि नागपूरचा मे महिना 45च्या आसपास जातो. दुपारी ते गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नये. साध्या वाचनासाठी आणि रोजच्या शब्दांसाठी मी ते निःसंकोच सुचवीन. ज्यांना शब्दांच्या कुळाचा शोध घ्यायचा आहे, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील जाड कोशांची ओळख मोडू नये.