ड्रॅगन्स डॉग्मा: पहिला भाग की दुसरा?

चवथीच्या सुट्टीसाठी एखादा लांब पल्ल्याचा व्हिडिओ गेम शोधताना ड्रॅगन्स डॉग्माचे नाव निघाले की प्रश्न येतोच: सरळ २०२४ चा दुसरा भाग घ्यावा, की आधी 'डार्क अरायझन', म्हणजे पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती? कथेसाठी पहिला खेळलाच पाहिजे असे नाही. दुसऱ्या भागात मुलूख नवा, माणसे नवी. मूळ पहिला भाग आणि दुसरा, दोन्हींचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनोच. ड्रॅगनने काळीज नेलेला अरायझन, म्हणजे आपला नायक, आणि त्याच्यामागे चालणारे तीन पॉन (खेळच चालवतो ते साथीदार: एक आपला, दोन इतर खेळाडूंचे भाड्याने घेतलेले) हा गाभाही तोच आहे. त्यामुळे घरातले यंत्र काय पेलते आणि तुम्हाला लढाई कशी आवडते, या दोनच गोष्टींवर निवड ठरते.

यंत्राचे आधी उरकून टाकू. दुसऱ्या भागाला १०० जीबी जागा आणि १६ जीबी रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड किमान जीटीएक्स १०७० च्या तोडीचे हवे. पण खरी अडचण कार्डाची नाही, सीपीयूची आहे. व्हर्नवर्थ शहरात शिरलात की आसपासच्या प्रत्येक माणसाचे चालणे-वागणे सीपीयूला सांभाळावे लागते, म्हणून तिथे फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) गडगडतात. रिझोल्यूशन उतरवले तरी फारसा फरक पडत नाही तो याचमुळे. नंतरच्या पॅचेसनी हे बरेच सावरले, कन्सोलवर फ्रेम ३० वर बांधायची सोयही आली. ती सुरू ठेवा, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा जादा हिशेब) बंद करा. कन्सोलवर तेवढ्यात निभावते. जुन्या सीपीयूवर मात्र शहर खुपत राहणारच. 'डार्क अरायझन' २०१६ साली पीसीवर आला. तो वीसेक जीबीत मावतो आणि कॉलेजच्या साध्या लॅपटॉपवरही सुरळीत चालतो.

आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि दोन्ही खेळांत सेव्हचा स्लॉट एकच, हेही लक्षात असू द्या. मोठ्या लढाईआधी आणि नंतर मेनूतून हाताने सेव्ह करायची सवय लावून घ्या. यूपीएस असेल तर त्याचे वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. दुसरा भाग चालवणारा दणकट पीसी मॉनिटरसकट त्याच्यावर टाकला, तर वीज जाताक्षणी तोही बसतो. निदान १ केव्हीए घ्या.

आता प्रवास. यात दुसरा भाग उजवा आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. पहिल्यात कसार्डिस ते ग्रान सोरेन या वाटेवर तेच दरोडेखोर त्याच वळणावर उभे असतात आणि चार फेऱ्यांत कंटाळा येतो. दुसऱ्यात रस्ता जिवंत आहे. बैलगाडीत बसून डुलकी घ्यावी, तर मध्येच ग्रिफिन झडप घालून गाडीचा चक्काचूर करतो. त्याच्या अंगाला लटकलात आणि तो उडाला, तर तो तुम्हाला थेट आपल्या घरट्यापर्यंत नेऊ शकतो. तिथून परतीची वाट तुमची तुम्ही शोधायची. मार बसला की आरोग्याची कमाल मर्यादाच थोडी थोडी घटत जाते आणि तंबू ठोकून किंवा खानावळीत झोपल्याशिवाय ती भरून येत नाही. त्यामुळे 'अजून पुढे जावे की इथेच थांबावे' हा विचार खराखुरा होतो. पहिल्यात मेनू उघडून औषधी पाल्याचा ढीग गिळला की काम भागते, भीती उरत नाही.

एका ठिकाणाहून दुसरीकडे झटकन जायला दोन्हींकडे फेरीस्टोन आहे. दुसऱ्यात एक दगड १०,००० सोन्याला पडतो आणि वापरला की संपतो. 'डार्क अरायझन'मध्ये न संपणारा फेरीस्टोन सुरुवातीलाच साठवणीच्या पेटीत मिळतो. ज्यांना रोज तासभरच मिळतो त्यांनी याचा जरूर विचार करावा.

मला जे खुपले ते लढाईत, आणि माझा कौल तिथेच फिरला. पहिल्या भागातला स्ट्रायडर हा योद्ध्याचा प्रकार, खेळाच्या भाषेत 'व्होकेशन', घ्या. एका हाताशी जोडखंजीर, पाठीला आखूड धनुष्य. खंजिराची तीन स्किल एका बटणामागे, धनुष्याची तीन दुसऱ्या. हार्पी वर घिरट्या घालते तेव्हा बाणाने पंख भेदायचा, ती खाली आपटताच खंजिराने 'हंड्रेड किसेस', मोठे सावज जवळ आले तर खंजिराचीच दुहेरी उडी मारून त्याच्या खांद्यावर. हत्यार बदलायला मेनू नाही, थांबणे नाही. बोट सरकले की काम झाले. मिस्टिक नाइट ढालीतून जादू फेकतो, असासिन तलवार-ढाल किंवा खंजीर-धनुष्य अशी हवी ती जोडी जमवतो.

दुसऱ्या भागाने ही जोडी तोडली. धनुष्य आर्चरकडे, खंजीर थीफकडे, आणि कोणत्याही व्होकेशनला एका वेळी चारच स्किल. स्ट्रायडर, रेंजर, असासिन, मिस्टिक नाइट ही नावेच गेली. आर्चर खेळताना गॉब्लिन अंगावर आला की लाथ मारून मागे सरायचे, एवढेच हाताशी उरते. थीफ खेळताना हार्पी वर असेपर्यंत बरेचदा पॉनच्या भरवशावर राहायचे. यावर उतारा म्हणून वॉरफेअरर आहे. ज्वालामुखी बेटावरच्या गरम झऱ्यांजवळ लामोंड नावाच्या माणसाला न्यूट लिकरच्या तीन बाटल्या दिल्या की ते व्होकेशन खुले होते. तो सगळी हत्यारे वापरतो खरा, पण हत्यार बदलण्याचे स्किलच चारांपैकी एक घर अडवते. उरली तीन, तीही सगळ्या हत्यारांत वाटून. शिवाय अंगची ताकद इतरांपेक्षा कमी.

न्यायाने सांगायचे तर नव्या व्होकेशन्सना आपापला रुबाब आहे. थीफची चपळाई आणि मिस्टिक स्पिअरहँडची जादू व भाल्याची सांगड पहिल्याच तासात आवडते. पहिल्यातला वॉरियर तर तीनच स्किलवर अडकला होता, दुसऱ्यात त्याला चार मिळतात आणि घाव कसा साधायचा याचा तालही चांगला आहे. आणखी एक सोय: पहिल्यात ज्या व्होकेशनमध्ये लेव्हल चढता त्याचेच गुण कायमचे अंगी लागतात, म्हणून सॉर्सरर होऊन चढवलेला गडी पुढे फायटर केला तर लेचापेचा निघतो. दुसऱ्यात ही धास्ती नाही, मनाला येईल तसे बदला. एकच व्होकेशन धरून शेवटपर्यंत जाणाऱ्याला चार स्किलची टंचाई कदाचित जाणवणारही नाही.

पॉनच्या बाबतीत दुसरा भाग बराच पुढे आहे. इतर खेळाडूच्या खेळात जाऊन आलेला पॉन 'चला, दाखवतो' म्हणून थेट पेटाऱ्यापर्यंत नेतो. पहिल्यात पॉनमध्ये गार्डियन प्रवृत्ती बळावली की तो लढायचे सोडून पायांत घुटमळतो. रिफ्ट क्रिस्टल (खेळातलेच एक चलन) देऊन मिळणाऱ्या औषधाने ती बदलून घ्यावी लागते.

शेवटाकडे मात्र पारडे पुन्हा जुन्याकडे झुकते. दुसऱ्यात हार्ड मोड नाही. अर्धा खेळ झाला की सायक्लॉप्स, मिनोटॉर चुटकीसरशी पडतात. स्फिंक्सची कोडी सुरेख आहेत, पण ती एकदाच. 'डार्क अरायझन'मधले बिटरब्लॅक आइल हे बेट पन्नाशीच्या लेव्हलच्या गड्यालाही घाम फोडते. एका फटक्यात जीव घेणारा डेथ अंधारातून कंदील घेऊन येतो तेव्हा पळणे हाच शहाणपणा. तिथे मिळणारी शापित हत्यारे शुद्ध करून काय निघते हे पाहण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा उतरतो.

तेव्हा नवा कन्सोल घरात असेल आणि भटकंती हाच तुमचा आनंद असेल, तर दुसऱ्या भागाला नाही म्हणवत नाही. एरवी मी 'डार्क अरायझन' आधी सुचवेन, तोही स्ट्रायडरने सुरू करून. आणि दुसरा घेतलातच तर भाड्याच्या पॉनचे डोळे लाल चमकू लागले, किंवा तो सांगितलेले ऐकेनासा झाला, की त्याला लगेच रजा द्या. ती ड्रॅगन्सप्लेग या पॉनच्या रोगाची खूण आहे. तुमच्या स्वतःच्या पॉनला लागण झाली असेल तर त्याला खोल पाण्यात लोटा आणि रिफ्टस्टोनवरून, म्हणजे पॉन बोलवायच्या दगडावरून, परत बोलवा. हे न करता शहरातल्या खानावळीत झोपलात, तर सकाळपर्यंत तिथली माणसे मेलेली असतात, आणि तोपर्यंत सेव्हही झालेले असते.