टीएलडीची गोळी आणि एआरटी सेंटरची खिडकी

माझे एचआयव्हीचे उपचार 2011 पासून चालू आहेत आणि आजवर तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या. 2021 पासून सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावरून, टीएलडी मिळते. टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडीन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम, तिन्ही औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, फुकट. गोळीला मी पाचपैकी पाच देते. सविस्तर लिहिते, कारण नव्याने गोळ्या सुरू झालेल्यांना बऱ्याचदा 'वेळेवर घ्या, चुकवू नका' एवढंच सांगितलं जातं. का चुकवू नये ते कळलं की गोळी घेणं सोपं जातं.

आमच्या कौन्सिलर मॅडमनी मला ते नीट समजावलं होतं. रक्तातलं औषध ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत विषाणूला वाढता येत नाही. पातळी खाली आली की तो वाढायला लागतो, आणि थोडंसं औषध अंगात असताना वाढला तर त्या औषधाला दाद न देणारा होऊन बसतो. मग तीच गोळी कितीही नेमाने घेतली तरी उपयोग होत नाही.

पहिल्या गोळ्यांत नेव्हिरापीन होतं. ते पहिले चौदा दिवस एकदाच घ्यायचं, मग दोनदा. यकृताला ते औषध पटापट मोडून टाकायची सवय लागेपर्यंत रक्तात ते जास्त साठतं आणि अंगावर चट्टे उठायचा धोका असतो, म्हणून अशी सुरुवात. नंतर टीएलई ही गोळी आली, त्यात डोल्युटेग्राव्हिरच्या जागी एफाव्हिरेंझ 600, रात्री झोपताना. मी शिवणकाम करते. त्या काळात सकाळी मशीनवर बसलं की डोकं जड असायचं, सुईत दोरा ओवताना नाकं दोन दिसायची, आणि रात्रभर स्वप्नांचा गोंधळ. एफाव्हिरेंझची रक्तातली पातळी लिटरमागे 1 ते 4 मिलिग्रॅम असावी असं मानतात. एकच्या खाली गेली तर उपचार फसायची भीती, चारच्या वर गेली तर चक्कर आणि झोपेचे हाल. काही लोकांचं यकृत हे औषध जन्मतःच सावकाश मोडतं, आणि आपल्याकडे असे लोक कमी नाहीत. माझी पातळी कोणी मोजली नाही, पण गोळी बदलल्यावर महिन्याभरात डोकं हलकं झालं.

डोल्युटेग्राव्हिरचं मोठेपण इथे आहे. चोवीस तास उलटल्यावरही ते रक्तात सरासरी लागतं त्याच्या पंधरापटीहून जास्त शिल्लक असतं. एसटी चुकली, लग्नघरात अडकलो, गोळीला तीन-चार तास उशीर झाला, तरी लगेच पातळी खाली जात नाही. म्हणून आठवली की लगेच घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आता खिडकीबद्दल. गोळ्या देणारे फार्मासिस्ट दादा आधी जुनी बाटली मागतात. उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये ओततात, पट्टीने दोन-दोन पुढे सारत मोजतात आणि हिरव्या वहीत आकडा लिहितात. नंतर हमखास विचारतात, "दुसरं काही चालू आहे का? टॉनिक, चूर्ण, काहीही?" गेल्या वर्षी मी कंबरदुखीसाठी बाहेर एका खाजगी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, सकाळी उपाशीपोटी. मी टीएलडी त्याच वेळेला घेते. दादांनी पाकीट बघितलं आणि तिथेच थांबवलं. कॅल्शियम, लोह यांना डोल्युटेग्राव्हिर पोटातच चिकटतं आणि रक्तात पोचतच नाही. उपाशीपोटी लोहाबरोबर घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध वाया जातं. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲसिडिटीच्या पातळ अँटासिडला तर जेवणाचीही सूट नाही. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमने औषध जवळजवळ तीन चतुर्थांश घटतं. ॲसिडिटीच्याच पँटोप्राझोल गोळीचं मात्र काही वाकडं नाही. आणि हे सगळं मागे रांग लागलेली असताना त्यांनी माझ्या वहीवर वेळांसकट लिहून दिलं. खिडकीलाही पाचपैकी पाच.

टीबी झाला असेल तर आधी सेंटरला सांगा. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं. त्याने यकृत डोल्युटेग्राव्हिर झपाट्याने मोडतं, म्हणून तिला टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिर 50 ची आणखी एक गोळी दिली, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवली. शुगरवाल्यांच्या बाबतीत उलटं होतं. टीएलडीमुळे शुगरचं औषध मेटफॉर्मिनच रक्तात वाढतं, म्हणून त्याचा डोस सहसा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

तपासण्यांना मात्र पाचपैकी तीनच. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, पहिल्या वर्षी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. माझा 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतो, म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही, त्यामुळे माझ्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण रिपोर्ट हातात यायला कधी दीड-दोन महिने जातात, आणि नुकताच ज्याचा लोड 1000 च्या वर, म्हणजे काळजी करण्याइतका, आला असेल त्याला ते दिवस फार कठीण जातात. रक्तातल्या औषधाची पातळी मोजायची सोय तर आमच्याकडे नाहीच. सगळ्यांना तिची गरज नाही, टीएलडीवर बहुतेकांचं लोडवरून भागतं. पण गोळ्यांचा हिशेब बरोबर असून लोड खाली येत नाही, अशा माणसाला 'तुम्ही गोळ्या घेत नसणार' हे ऐकावं लागतं. त्याच्या रक्तात औषध पोचतंय की नाही हे तपासायला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. खोटं ठरवलेला पेशंट पुन्हा सेंटरची पायरी चढत नाही.

गोळीचे तोटेही सांगते. वजन वाढतं, माझं वाढलं. काहींची झोप उडते, त्यांनी सकाळी घ्यावी. बाटली खुळखुळते, म्हणून बायका स्टँडवरच गोळ्या स्टीलच्या डबीत ओततात आणि बाटली टाकून देतात. तसं करू नका. ओल शोषणारी पुडी बाटलीतच असते, डबीत गोळ्या दमट होतात. वर कापसाचा बोळा घाला, आवाज बंद होतो.

सोमवारी गर्दी फार असते, बुधवार-गुरुवार बरा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागा. जाताना हिरवी वही, जुनी बाटली आणि बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.