ईबर्ड ॲप: माळावर फिरणाऱ्यांनी घ्यावंच

सासवडच्या बाजूच्या माळावर मी सकाळी फिरते, दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवरच करते. ते फुकट आहे. आपल्या भागाची पक्षियादी आधी उतरवून ठेवली की रेंज नसतानाही चालतं, वेळ आणि अंतर आपोआप मोजतं. यादी पाठवताना एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? इथलं प्रामाणिक ‘हो’ लाखमोलाचं, कारण त्यामुळेच एखादा पक्षी तिथे दिसला नाही, हेही नोंदलं जातं. म्हणून साळुंक्या-होलेही मोजा हो, नुसता माळावरचा खास पक्षी धाविक टाकून भागत नाही!

२०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या आणि १७८ जातींच्या संवर्धनाला अग्रक्रम दिला. तारेवर बसणारा आपला नेहमीचा नीलपंखसुद्धा घटतोय, हे त्यातूनच कळलं.

यादीतला एखादा आकडा वेगळा वाटला तर ईबर्डचे स्वयंसेवक परीक्षक विचारणा करतात, फोटो मागतात. राग मानू नका, त्यानेच माहिती भरवशाची होते. तलावांवर पक्षीनिरीक्षकांची गर्दी आहेच, माळांकडेही वळा. सरकारदरबारी ज्यांना पडीक म्हणतात, त्या जमिनींवर कोण राहतं हे दाखवायला या याद्या हव्यात.