वेरूळची लेणी, मराठीतून सांगणारे गाइड आणि आमचे चित्रकलेचे सर

वेरूळला शाळेची सहल नेणार असाल तर मराठीतून लेणी दाखवणारा परवानाधारक गाइड जरूर घ्या. आम्ही या हिवाळ्यात पहिल्यांदाच घेतला. आठवी-नववीची लेकरं, आम्ही तीन शिक्षक, शालेय सहलीच्या सवलतीतली एसटी आणि अंबड तालुक्यातून अंधारातच निघालेली गाडी, अशी आमची सहल. इतकी वर्षं गाइडची गरज पडली नाही, कारण आमच्यासोबत चित्रकलेचे सर असायचे. गेल्या भाद्रपदात सर गेले. त्यामुळे गाइडच्या कामाबद्दल लिहायला बसले तरी सरांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाचणाऱ्यांनी तेवढं समजून घ्यावं.

गाइड पन्नाशीचे असतील, खुलताबादकडचे. गळ्यात ओळखपत्र. पैसे किती ते आधीच सांगितलं, लेकरं खेड्यातल्या शाळेची आहेत हे कळल्यावर स्वतःहून कमी केलं आणि शेवटी एक रुपयाही वाढवून मागितला नाही. 15 वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून नववीतल्या मोठ्या मुलांपुरतंच तिकीट काढावं लागलं. शाळेची ओळखपत्रं सोबत ठेवा.

सुरुवात त्यांनी दहाव्या लेण्यापासून केली. विश्वकर्मा लेणं, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडाच्या फासळ्या आहेत. गाइडनी लेकरांना विचारलं, "या फासळ्या काढून टाकल्या तर छत पडेल का?" सगळी म्हणाली, पडेल. मग त्यांनी समजावलं की हा अख्खा डोंगरच आहे, त्याला आधार कशाचा लागतोय? पूर्वी अशा वास्तू लाकडाच्या असायच्या, त्यांचे वासे डोळ्यांना सवयीचे झाले होते, म्हणून दगडातही तसेच कोरले. मी इतिहास शिकवते, पण हे इतक्या सोप्या शब्दांत मला वर्गात जमलं नव्हतं. अकराव्या लेण्याला दोन ताल का म्हणतात, हेही त्यांनी रंगवून सांगितलं. खालचा मजला मातीनं बुजलेला होता, तो 1876 साली सापडला. मजले तीन निघाले, नाव मात्र दोन तालच राहिलं. घरी गेल्यावर लेकरांनी आईबापाला सगळ्यात आधी हेच सांगितलं म्हणे.

पंधराव्यात नरसिंह बघितला, पायऱ्यांवर दम खाल्ला, डबे उघडले. जेवण झाल्यावर कैलास.

इथं सरांबद्दल सांगायला हवं.

दोन दशकांपेक्षा जास्त काळ आमची टेबलं शेजारी होती. सर डब्यात ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी आणायचे, चटणी मात्र माझ्या डब्यात जास्त पडायची. शाळेत चित्रकलेला आठवड्यात जेमतेम दोन तास, पण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षेला आमच्या शाळेची मुलं बसायची ती सरांच्या जिवावर. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसवायचे. पेन्सिली कमी पडायच्या, म्हणून एकेका पेन्सिलीचे दोन तुकडे करून दोन्हींना टोक काढून ठेवायचे, त्यासाठी एक पत्र्याचा डबा होता. दर्शनी फळ्यावरचं फलकलेखनही त्यांचंच. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, रंगीत खडूनं असा फलक काढायचे की झेंडावंदनाला आलेले गावकरी आधी फळ्यापाशी थांबायचे. गेल्या वर्षी सर त्याच्या चारेक दिवस आधी गेले. मुख्याध्यापकांनी मला फळा लिहायला सांगितला. मी साध्या पांढऱ्या खडूनं तारीख आणि दिनविशेष लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशी फळ्यापाशी कोणी थांबलं नाही.

शेवटची दोन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं. जालन्याला जायचे, दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. दंडावर पट्टी असायची. लेकरांनी विचारलं की सांगायचे, "रक्त गाळून आणलं." मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा बोलायची ताकद नव्हती, तरी एलिमेंटरीचे फॉर्म गेले का, एवढं त्यांनी विचारलं. गेले होते. मीच भरले होते. मुलं परीक्षेला बसली, पास झाली, आणि हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या मंडळींनी तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. तो डबा आम्ही सहलीला नेला.

आता कैलास. सोळावं लेणं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. जोडलेलं, रचलेलं यात जवळपास काहीच नाही. डोंगराला तीन बाजूंनी खोल चर मारून मधला खडक सुटा केला आणि कळसापासून पायापर्यंत कोरत खाली आले. मागचा कडा सुमारे शंभर फूट उंच आहे. सरांचा नियम असा होता: देऊळ वरून खाली झालं, तर बघायचंही वरून खाली. त्यामुळे दारातून आत न जाता ते लेकरांना आधी बाजूच्या वाटेनं डोंगरावर न्यायचे. तिथून कळस पायाखाली दिसतो. सर विचारायचे, "आता तुमच्या हातात छिन्नी आहे. पहिला घाव कुठं घालाल?" लेकरं गप्प व्हायची. माझ्या पाठ्यपुस्तकातल्या चार ओळी त्या एका प्रश्नापुढं फिक्या पडायच्या, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

यंदा गाइड थेट दाराकडे निघाले, समोरची गजलक्ष्मी दाखवायला. मी त्यांना थांबवून म्हटलं, आधी वर जाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अंबडकडच्या शाळेचे का तुम्ही? ते पेन्सिलीचा डबा घेऊन येणारे सर कुठं आहेत?" मी सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि स्वतःच पुढं होऊन चढायला लागले. वर गेल्यावर त्यांनी लेकरांना सरांचाच प्रश्न विचारला, पहिला घाव कुठं घालाल. दरवर्षी लांबून ऐकलेला होता म्हणे.

एक गोष्ट मात्र गाइडनी सुधारायला हवी, आणि हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते फार भराभर सांगतात. अंगण 276 फूट लांब, 154 फूट रुंद, हा मंडप, तो स्तंभ, हे महाभारत, ते रामायण. आकडे सगळे बरोबर, पण लेकरांची नजर मूर्तीवर पोचायच्या आत अर्थ कानात पडलेला असतो. मग बघायला काही उरत नाही. रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी ते सुरू होणार, तेवढ्यात मी हात जोडून म्हटलं, दहा मिनिटं काही सांगू नका. डबा उघडला, पेन्सिलीचे तुकडे वाटले, पाठकोरे कागद दिले. सरांचं तिथलं वाक्य ठरलेलं होतं: "आधी रावणाचे हात मोजा, मग बाईंना साल विचारा." मी तेच म्हटलं.

गाइडनी मान्य केलं, आणि याचं मला फार कौतुक वाटतं. या कामात इतकी वर्षं काढलेला माणूस बाहेरच्या बाईचं ऐकून गप्प राहिला. त्या दहा मिनिटांत आमच्या नववीतल्या एका मुलीनं असं काही टिपलं जे मी आजवर बघितलं नव्हतं. डोंगर हलतोय म्हणून पार्वतीनं शंकराचा दंड धरलाय, तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. मुलगी म्हणाली, "बाई, पळाली ती दासी. पार्वती घाबरली, पण जाग्यावरून हलली नाही." गाइड म्हणाले, हे मी आता इथून पुढं सांगणार.

एका पोरानं विचारलंच, की परग्रहावरच्या लोकांनी हे बांधलं असं मोबाइलवर दाखवतात, ते खरं का? अशा वेळी लेकरांना खूश करायला काहीही सांगणारे लोक असतात. आमच्या गाइडनी त्याला भिंतीजवळ नेलं आणि दगडावर उमटलेले छिन्नीचे तिरपे घाव दाखवले. "हे माणसाच्या हाताचे आहेत. प्रत्येक घावामागं एक माणूस उन्हात उभा होता." बाकी काही बोलले नाहीत. या एका उत्तरासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

त्यांच्याकडून रंग मात्र राहून गेले. कैलासाला पूर्वी रंगमहाल म्हणत, कारण काळा दिसणारा हा दगड एके काळी पांढऱ्या गिलाव्यानं झाकलेला होता, त्यावर चित्रं होती. गिलाव्याचे तुकडे अजून दिसतात, मंडपाच्या छताला रंगही उरलेत. सर तिथं लेकरांना माना वर करून इतका वेळ उभं करायचे की पहारेकरी येऊन विचारपूस करायचा. त्यांना काळजी वाटायची, की पोरं घरी जाऊन देऊळ काळं रंगवतील. परत आल्यावर पहिल्या तासाला काळ्या कागदावर पांढऱ्या खडूनं कैलास काढायला लावायचे. यंदा छताकडं बोट मीच दाखवलं.

आणखी एक माझ्याकडचं. राष्ट्रकूटांपैकीच कर्क राजाच्या बडोद्याच्या ताम्रपटात, शके 734 म्हणजे इसवी सन 812 च्या, या देवळाचा उल्लेख आहे. ते बघून देव थक्क झाले, आणि ज्यानं ते घडवलं तोही स्वतःशी नवल करत राहिला की हे आपल्या हातून झालं कसं, असं त्यात म्हटलंय. मी एकदा शिक्षकखोलीत हे सहज बोलले होते, तेव्हापासून सर दरवर्षी अंगणात मला ते पुन्हा सांगायला लावायचे. लेकरांसाठी सांगा म्हणायचे खरे, पण ऐकताना त्यांचाच चेहरा बघण्यासारखा व्हायचा. यंदाही सांगितलं. गाइडनी मोबाइलमध्ये शके 734 लिहून घेतलं.

आता सरांबद्दलची एक तक्रारही सांगते, तेही हसून मान्य करायचे. कैलासात ते इतके रमायचे की जैन लेणी बहुतेक वर्षी राहूनच जायची. गाइडनी वेळेचं गणित चोख ठेवलं. एकतिसाव्या-बत्तिसाव्याकडे जायला चालण्यापेक्षा गाडी बरी, हे आधीच सांगून ठेवलं होतं. बत्तिसाव्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्याच्या छतावरचं कमळ लेकरांनी पहिल्यांदा नीट बघितलं. तिथं गाइड सगळ्यात चांगले बोलले, हळू बोलले. त्यांचं स्वतःचं आवडतं लेणं हेच असणार. धो धो पावसात एकोणतिसाव्याजवळ धबधबा पडतो म्हणे, सहलीचे दिवस हिवाळ्याचे, त्यामुळे तो आमच्या नशिबी नाही.

पुढच्या वर्षीसाठी याच गाइडना सांगून ठेवलंय. पेन्सिलींचा डबा आणायचा, हे त्यांनीच बजावलं. त्यांचा एक आग्रह मला पटला: डोंगरावर सकाळीच चढायचं, उन्हात लेकरं दमतात, आणि अंगणात दुपारनंतर उतरायचं, कारण लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, उजेड तेव्हाच आत येतो. मधल्या वेळात बौद्ध लेणी होतात. लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा आगारात गाडीचा अर्ज देण्याआधी वार बघून घ्या.